पंचेचाळीस दिवसांचा साबण

काकासाहेबांनी टूथपेस्टची चपटी झालेली ट्यूब ओट्यावर ठेवली, डाव्या हाताने दाबून धरली आणि हेक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने तिची शेपटी कापून टाकली. मग कडेने एक सरळ चीर दिली आणि ट्यूब उघडून पसरली. आत काही उरलेलं नाही असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं, पण तिथे चांगला जाडसर पांढरा थर होता.

“किती दिवस जातील?” त्यांनी विचारलं.

समोर उकिडवं बसलेल्या वाल्मिकने डोकं खाजवलं. “तीन? चार?”

“आठ. दोन माणसांचे.”

वाल्मिक त्यांच्या मागच्या दोन खोल्यांतला भाडेकरू. नगरजवळच्या त्यांच्या नागापुरातल्याच एका वर्कशॉपमध्ये तो लेथ मशीनवर होता आणि त्याची बायको रुपाली जवळच्या कंपनीत पॅकिंगला जायची. त्यांना चार वर्षांची संस्कृती नावाची मुलगी होती. दोघं कमावत असूनही घरात कोणतीच वस्तू महिनाअखेर गाठत नाही, हे वाल्मिकचं नेहमीचं गाऱ्हाणं होतं. असं गाऱ्हाणं ऐकलं की काकासाहेबांना हुरूप यायचा.

त्यालाही कारण होतं. बत्तीस वर्षं ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. फाटलेला हातमोजा जमा केल्याशिवाय नवा हातमोजा नाही, झिजलेलं ब्लेड दाखवल्याशिवाय नवं ब्लेड नाही, हा तिथला नियम त्यांनी इतक्या निष्ठेने पाळला की कामगार त्यांना पाठीमागे काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. हाच नियम लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांच्या घरीही आला. साबण, पेस्ट, खोबरेल तेल, भांड्यांची वडी, सगळं त्यांच्या लोखंडी कपाटात. जुनं आणून दाखवायचं, मग नवं मिळायचं. नव्या वस्तूवर मार्करने तारीख पडायची. साबणावर लिहिता येत नाही म्हणून साबणदाणीला चिकटपट्टी लावून तिच्यावर.

त्यांच्या युक्त्या मात्र खरोखर शहाण्या होत्या. साबणदाणी जाळीची हवी आणि नळाच्या धारेपासून लांब हवी. उरलेली पातळ पापडी फेकायची नाही, ओली करून नव्या साबणाच्या पाठीला चिकटवायची. तेलाची बाटली संपत आली की रात्रभर उलटी ठेवायची. भांड्यांची वडी अर्धी करूनच वापरायला काढायची. हे सगळं ते वाल्मिकला बोटांवर मोजून सांगत होते आणि शेवटी, मिरवणुकीच्या शेवटी येणाऱ्या मानकऱ्यासारखा, त्यांचा तो आकडा आला.

“अंगाचा साबण आमच्यात पंचेचाळीस दिवस जातो. एक वडी, दोघांत. मी रिटायर झालो तेव्हा निरोपाच्या दिवशी साहेबांनी स्टेजवर सांगितलं हे.”

नळावर बादली लावून उभ्या असलेल्या रुपालीने मान वळवून गोजरबाईंकडे पाहिलं. गोजरबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकत्रच परातीत लोटली आणि त्या उठून आत गेल्या.

काकासाहेबांनी आपल्याकडचा जादा मार्कर वाल्मिकच्या खिशाला लावून दिला.

दोन महिन्यांनी, भर वैशाखात, काकासाहेब एका नात्यातल्या साखरपुड्यासाठी श्रीगोंद्याला निघाले. स्टँडवर पोहोचले तोच फोन आला की मुलाकडच्यांना सुतक आलंय, कार्यक्रम पुढे ढकलला. ते परत फिरले. नागापूरच्या चौकात उतरताना चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन, तापलेल्या रस्त्यावर पाय उचलत ते घरी आले तर पुढच्या दाराला आतून कडी. गोजरबाई मागे धुणं धूत असतील, म्हणून ते घराच्या बाजूच्या बोळातून मागे निघाले. अनवाणी असल्यामुळे त्यांच्या पावलांचा आवाज झाला नाही.

“आदी नाव घालवायचं,” गोजरबाईंचा आवाज आला. “दगडावर असं गोल गोल. जोर लावू नको, न्हाईतर चिरा पडत्यात. मग कडा. मग मधी अंगठ्यानं खळगा.”

काकासाहेब कोपऱ्याशी थांबले. धुण्याच्या दगडासमोर गोजरबाई बसल्या होत्या. त्या डावखुऱ्या. त्यांच्या डाव्या हातात कोरा, पिवळा, अजून कडा न मोडलेला साबण होता आणि तो त्या दगडावर घासत होत्या. शेजारी रुपाली, तिच्याही हातात तसाच साबण. दगडावरून फेस ओघळत होता आणि नालीतून पपईच्या झाडाकडे चालला होता.

“निम्मा फेस बादलीत धर,” गोजरबाई म्हणाल्या. “पायपुसनी तरी निघत्यात त्यात. बाकीचा जातो वाया. त्याला इलाज न्हाई.”

“काकांना कळत न्हाई?”

“त्यांना तारीख दिसती. साबन दिसत न्हाई.”

रुपाली हसली नाही. तिने साबण घासायचा थांबवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “दीड महिना झाला काकू, मी नुसत्या पान्यानं अंघोळ करती. ह्यांना अन् संस्कृतीला पुरला पायजे म्हनून. तरी तीस दिवसांच्या वर जाईना. रोज पट्टी बघत्यात, काकांच्यात पंचेचाळीस जातो म्हनत्यात. परवा कंपनीत शेजारच्या बाईनं तिचं स्टूल लांब वढून घेतलं. बोलली काय न्हाई. नुसतं स्टूल वढून घेतलं.”

गोजरबाईंचा हात दगडावर थांबला.

“आमच्यात कवाच पंचेचाळीस गेला न्हाई,” त्या म्हणाल्या. “वीस. लई तर बावीस. तीस वर्सं झाली मी घासती. तुला पैल्याच दिवशी सांगायला पायजे हुतं मी. माझी चूक हाय ती.”

काकासाहेबांनी श्वाससुद्धा जपून सोडला. पुढे व्हावं आणि विचारावं, असं त्यांच्या मनात आलंच नाही. मनात आलं ते एवढंच की या दोघींना आपण दिसता कामा नये. स्वतःच्याच घराच्या बोळातून, चपला छातीशी धरून, ते चोरासारखे मागे सरकत रस्त्यावर आले.

चौकातल्या चहाच्या टपरीवर ते संध्याकाळपर्यंत बसले. चहा त्यांनी घेतला, पण चव काही कळली नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्यांनी आजवर दुसऱ्यांबद्दलच बोलताना वापरलं होतं. आता एकेक गोष्ट उठून समोर येत होती आणि कशालाच नाही म्हणता येत नव्हतं.

निरोप समारंभाची त्यांना आठवण झाली. साहेबांनी पंचेचाळीस दिवसांचं सांगितलं, टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेत नव्या लुगड्यात बसलेल्या गोजरबाईंनी मान खाली घातली. बायको लाजली, असं ते तेव्हा समजले होते आणि त्यांना फार बरं वाटलं होतं.

त्याच्याही आधीचं आठवलं. गोजरबाईंची धाकटी बहीण पाथर्डीहून आठ दिवस राहायला आली होती. जायच्या दिवशी जेवताना ते सहज म्हणाले होते की या आठवड्यात साबण बराच झिजला. हसत म्हणाले होते. ती पोरगी ताटावर तशीच बसून राहिली आणि त्यानंतर परत कधी मुक्कामाला आली नाही. नगरला दवाखान्यात आली तरी संध्याकाळच्या गाडीने परत जायची. तिला प्रवासाची हौस आहे, असं काकासाहेब म्हणायचे.

आणि सगळ्यांत बोचत होतं ते वेगळंच. गोजरबाईंचे आईवडील ऊसतोडीला जायचे. एक साबणाची वडी दोऱ्याने कापून तिचे चार तुकडे, आणि एकेक तुकडा पंधरा-पंधरा दिवस, असं त्यांचं लहानपण. वस्तू पुरवायची कशी हे त्या बाईला जन्मापासून माहीत होतं. तिला काकासाहेबांनी काटकसर शिकवली. इतकी शिकवली की गोधड्या शिवून मिळालेल्या पैशांतून ती कोरे साबण आणून, संपलेल्याच्या जागी तारखेला शोभतील असे, दगडावर झिजवायला लागली. घरातल्या कुणी कधी साबण वाया घालवला असेल तर तो काकासाहेबांच्या नियमाने. दुसऱ्या कुणी नाही.

दिवेलागणीला ते घरी गेले. गोजरबाईंनी विचारलं, कार्यक्रम कसा झाला.

“पुढं ढकलला. सुतक आलं.”

“मग इतका वेळ?”

“चप्पल शिवत हुतो.”

गोजरबाईंनी त्यांच्या हातातल्या चपलेकडे पाहिलं. अंगठा तुटलेलाच होता. त्या भाकरी थापायला बसल्या.

रात्री हात धुवायला म्हणून काकासाहेब न्हाणीघरात गेले आणि त्यांनी साबणदाणीतला साबण हातात घेतला. पट्टीवरची तारीख बावीस दिवसांपूर्वीची होती. साबण बरोबर निम्मा होता. ते रोज बघायचे तितकाच, त्यांच्या हिशोबात बसणारा. आज पहिल्यांदा त्यांनी तारीख सोडून साबण पाहिला. खळगा मधोमध नव्हता. डाव्या अंगठ्याने दाबल्यावर पडतो तसा एका अंगाला कलला होता. तीस वर्षं हा साबण रोज त्यांच्या हातात होता.

पुढच्या आठ दिवसांत त्यांनी तीनदा बोलायचा प्रयत्न केला. एकदा जेवताना, एकदा गोजरबाई देवापुढे वात लावत असताना, एकदा दोघं दवाखान्याच्या रांगेत बसले असताना. प्रत्येक वेळी शब्द तोंडाशी यायचा आणि तोंडातून भलतंच निघायचं. भाजीला मीठ बरोबर आहे. वात जरा मोठी कर. पंखा बंद दिसतोय. स्टोअरच्या खिडकीतून शंभर माणसांना नाही म्हणणाऱ्या माणसाला बायकोपुढे एक वाक्य पुरं करता येईना. शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली की बोलायची गरजच काय, पुढच्या वेळी पट्टी लावायची नाही, म्हणजे झालं. न बोलता भागलं तर बरं, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीही लाज वाटत होती.

पण वाल्मिकच्या सुट्टीचा दिवस आला आणि तो सकाळीच हजर झाला. बरोबर वर्कशॉपमधले दोघं जण होते. त्याच्या उजव्या तळहातावर रुमाल होता आणि रुमालावर साबण.

“काका, चाळीस दिवस. बघा, अजून केवढा हाय.” त्याचा चेहरा फुलला होता. “ह्यांना खरं वाटत न्हाई. म्हटलं चला, गुरूच दाखवतो. तुमी ते ट्यूब कापायचं दाखवा ह्यांना. घरी बायकांना सांगत्याल म्हंजे.”

काकासाहेबांनी साबण हातात घेतला. नाव पुसलेलं, कडा गोल, आणि खळगा डाव्या अंगाला कललेला. वाल्मिक उजव्या हाताने काम करणारा, रुपालीही तशीच. चांगलं काम होतं. गोजरबाईंनी तो स्वतः करून दिला असणार.

नळावर रुपाली उभी होती. बादली भरून पाणी वाहायला लागलं तरी तिचा हात नळाकडे गेला नाही. ती काकासाहेबांच्या हाताकडे बघत होती. आत चहाच्या कपबश्यांचा आवाज येत होता.

खरं काय ते सांगून मोकळं व्हावं, असं त्यांना आठ दिवस वाटत होतं. आता खरं सांगायचं म्हणजे या पोरीला तिच्या नवऱ्यापुढे, दोन परक्या माणसांदेखत, खोटं पाडायचं. आणि गप्प बसायचं म्हणजे उद्या आणखी दोन घरांत पट्ट्या लागतील.

“तो आकडा खोटा हाय,” ते म्हणाले.

दोघं पाहुणे हसले. गंमत चालली आहे असं त्यांना वाटलं.

“पंचेचाळीस दिवसांचा. मी खोटं सांगत आलो. आमच्यात साबण वीस दिवसांत संपतो. लई झालं तर बावीस. स्टेजवर साहेबांनी सांगितलं तेबी माझ्याच तोंडचं हुतं. कुनाच्या घरात त्यावरून कुनाला बोलू नका.”

आतला कपबश्यांचा आवाज थांबला.

पाहुण्यांपैकी एकाने मोबाईल काढून बघितला, दुसऱ्याने गाडीची किल्ली. चहा न घेताच ते गेले. जाताना फाटकाबाहेर त्यांचं हसणं ऐकू आलं. काकासाहेबांचे कान तापले. उद्या वर्कशॉपभर होणार आणि तिथून जुन्या कारखान्यात पोहोचायला दोन दिवस फार झाले. होऊ दे.

वाल्मिक मात्र तिथेच उभा होता. त्याचा चेहरा पडला होता आणि थोडा रागही होता.

“तुमच्यात दोन मानसांत वीस दिवस,” तो म्हणाला. “मग आमच्यात तिघांत चाळीस कसा टिकला?”

काकासाहेबांनी साबण परत त्याच्या रुमालावर ठेवला.

“तुझी बायको साबन लावत न्हाई, वाल्मिक. नुसत्या पान्यानं अंघोळ करती. तुला अन् पोरीला पुरला पायजे म्हनून.”

“तुमाला काय म्हाईत?”

“मला माझ्या घरातलंबी म्हाईत नव्हतं,” काकासाहेब म्हणाले. “तुझ्या घरी ती पट्टी मी लावायला लावली. बोलायचं तर मला बोल. तिला बोलू नको.”

 वाल्मिक नळाकडे वळला. त्याने नळ बंद केला, साबण खिशात टाकला आणि वाहती बादली स्वतः उचलून मागे निघाला. रुपाली त्याच्या चार पावलं मागून गेली. त्यांच्या खोलीचं दार लागलं. आतून चढा आवाज आला नाही. थोड्या वेळाने संस्कृती एकटीच बाहेर आली आणि तिने ओट्यावर एक गोळा झालेली चिकटपट्टी आणून टाकली. बाबांनी फेकून द्यायला सांगितली, म्हणाली.

काकासाहेबांनी ती उचलून खिशात ठेवली. त्या दिवशी ते ओट्यावरून फारसे हलले नाहीत. गोजरबाईंनी दोन वेळा जेवायला वाढलं, विचारलं ते भाजी हवी का एवढंच. आपण त्या दिवशी बोळातून सगळं ऐकलं, चप्पल शिवत बसलो नव्हतो, हे गोजरबाईंना आठ दिवसांपासून माहीत असावं, असं काकासाहेबांना आता वाटायला लागलं.

संध्याकाळी ते पेपर घेऊन बसले होते. गोजरबाई आतून एक पोचे आलेला बिस्किटांचा डबा घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर ठेवला.

“हे जमा करून घ्या,” त्या म्हणाल्या.

त्यांनी झाकण काढलं. आत जुन्या लुगड्याच्या फडक्यात चार साबण ओळीने ठेवले होते. पहिला जवळजवळ पुरा, फक्त नाव गेलेला. दुसरा त्याहून झिजलेला. तिसरा निम्मा. चौथा पातळ, कडेला उजेड दिसेल असा. प्रत्येकाला खळगा. पुढच्या पंचेचाळीस दिवसांची तयारी करून ठेवलेली होती.

काकासाहेबांना काहीतरी बोलायचं होतं. माफीचा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसलाच नव्हता. त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. उठले, कपाट उघडलं आणि एक कोरा साबण काढून आणला. मार्कर खिशातच राहिला. साबण त्यांनी पुढे धरला.

गोजरबाईंनी तो घेतला. वेष्टण फाडून त्यांनी तो नाकाशी नेला आणि बोटाने वरची उठावाची अक्षरं चाचपली.

“ह्यो मी वापरनार,” त्या म्हणाल्या. “तुमी ते चार संपवा. आदी ते संपवा.”

आणि मग, दाराशी थांबून, “आनि ह्या वेळी दिवाळीला मी धाकटीला आठ दिवस बोलावनार हाय. तुमी फोन करायचा.”

काकासाहेबांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात दोन साबणदाण्या होत्या. एकीत पिवळा कोरा साबण, अक्षरं अजून ठसठशीत, वरच्या बाजूला नुकता ओला झालेला. दुसरीत डब्यातला पहिला. काकासाहेबांनी तो उचलला. खांद्याला लावायला गेले तर तो हातातून निसटला. वाकून घेतला, पुन्हा निसटला. खळगा डाव्या हाताचा होता. त्यांच्या उजव्या हातात तो नीट बसत नव्हता.